दाऊदभाईंचं पाचवं पुस्तक

त्या गुरुवारी दुपारी चारला पाच मिनिटं कमी असताना मी आणि माझी मुलगी ईरा ओमानमधल्या अल खौदच्या त्या गल्लीत गाडीतून उतरलो. ईराच्या दप्तरात एक पिवळं पडलेलं पुस्तक होतं आणि माझ्या पर्समध्ये आमच्या मराठी वर्गाच्या कार्यक्रमाची छापील पत्रिका. स्टेशनरी आणि खेळण्यांच्या त्या दुकानाचं शटर खाली होतं. यात नवल काही नव्हतं. इथली दुकानं दुपारी एकला बंद होतात आणि चारला उघडतात, आणि दाऊदभाईंचे चार म्हणजे चारच. आम्ही भिंतीलगतच्या वीतभर सावलीत उभ्या राहिलो. चार वाजले, सव्वाचार झाले. शेवटी ईराने मुठीने शटरवर दोनदा वाजवलं, दाऊदभाई स्वतः वाजवायचे अगदी तसं. तो आवाज ऐकून शेजारच्या लाँड्रीतला माणूस हातातली इस्त्री ठेवून बाहेर आला. "मॅडम, दाऊदभाई तो सुबह ही... हार्ट अटॅक. रूम में ही." ईराला हिंदी बेताचीच कळते. तिने माझ्याकडे पाहून विचारलं, "आई, काका कधी येणारेत म्हणाले ते?"

याला आता सात आठवडे झाले. एवढ्या दिवसांत मला दोनतीन जणांनी सांगितलं, तू त्यांच्यावर लिही, तू लिहितेस छान. छान लिहिते म्हणूनच लिहायला जिवावर येत होतं. कारण या सगळ्यात माझ्या छान लिहिण्याचा, छान बोलण्याचा जो काही हात आहे, तो मला सांगावा लागणार होता.

दाऊदभाई हर्णैजवळच्या एका गावातले. विशीत मत्रह बंदरात उतरले, मग बरीच वर्षं इब्री गावात एका कापडाच्या दुकानात काढली आणि शेवटची पंधराएक वर्षं अल खौदच्या या दुकानात. दुकान एका ओमानी गृहस्थाचं, त्यांना ते अर्बाब म्हणत, म्हणजे मालक. अर्बाब आठवड्यातून एकदा यायचे, खजूर ठेवून जायचे. बाकी दुकान म्हणजे दाऊदभाईच. बारीक अंगाचे, चष्म्याला दोरी बांधलेली, शर्टाच्या खिशात चार रंगांचं पेन. काउंटरवर गल्ल्याशेजारी एक लाकडी बैल असायचा, सावंतवाडीच्या खेळण्यातला, तांबड्या रंगाचा, एक पाय मोडलेला आणि त्या जागी आइस्क्रीमची काडी चिकटवलेली. तो विकायचा नव्हता. लहान मुलांनी हट्ट केला तर ते म्हणायचे, "तो इथं नोकरीला हाय. त्याचा व्हिसा माझ्याकडं नाय."

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले ती दोन वर्षांपूर्वी, मराठी वर्गासाठी दुरेघी वह्या शोधत. हा वर्ग मी शुक्रवारी सकाळी आमच्या घरातच घेते. इंडियन स्कूलमधली दहाबारा मराठी पोरं येतात, आपसात इंग्रजीत खिदळतात, आणि मी 'मराठी' म्हणून डोळे वटारले की सगळी एकदम मुकी होतात. त्या दिवशी दुकानात ईरा मला काहीतरी सांगत होती आणि मी सवयीने तिचं प्रत्येक वाक्य दुरुस्त करत होते. तिसऱ्या दुरुस्तीला ती गप्प झाली. दाऊदभाई वह्यांचा गठ्ठा काढता काढता म्हणाले, "वहिनी, बैलाची पुस्तकां वाचलीत काय हिनं?"

कुठली बैलाची पुस्तकं, असं मी विचारलं, आणि काउंटरवरची गर्दी विसरून त्यांनी मला सांगायला सुरुवात केली. पाच भागांची जुनी गोष्ट. कोकणातला एक सुतार खेळणी अर्धवट टाकून गलबतावर कामाला निघून जातो. मागे राहतात तीन पायांचा एक बैल, एका हाताचा ढोलकीवाला आणि आर न बसवलेला एक भोवरा. खोलीचं दार बंद झालं की तिघं जिवंत होतात. माणूस आला की पुन्हा लाकूड. आपल्याला पूर्ण करून घ्यायचं तर सुताराला शोधलं पाहिजे, म्हणून ती बाहेर पडतात. पाचही पुस्तकं त्यांच्याकडे गल्ल्याखाली होती, कव्हरं कधीच गेलेली, खाकी कागदात घातलेली. कंपासपेटी घ्यायला आलेल्या प्रत्येक मराठी आईबापाला ते ही पुस्तकं सुचवायचे, हे मला नंतर कळलं. बहुतेक लोक हसून रिफिल घेऊन जायचे. मीही जवळपास तेच केलं. मी म्हटलं, "खेळणी जिवंत होतात वगैरे आता लहान वाटेल हो तिला. मी जरा सकस वाचन देते." हे 'सकस' मी खरोखर म्हणाले. दाऊदभाईंनी मान डोलावली, वह्या बांधल्या आणि पहिलं पुस्तक गुपचूप ईराच्या हातात दिलं. "वाचून झाला की ये. गोष्ट सांगितली तरच दुसरा मिळंल. मना नको सांगू, ह्या बैलाला सांग."

हा त्यांचा नियम होता. पुस्तक विकायचं नाही, एका वेळी एकच द्यायचं, आणि गोष्ट बैलाला सांगितल्याशिवाय पुढचं नाही. ईराने पहिलं पुस्तक संपवायला महिना घेतला, कारण अक्षरं तिला सतावत होती. मग आम्ही गेलो. ती बैलासमोर उभी राहिली, तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि पुतळा झाली. मी मदतीला धावले. "अगं, सांग ना. एक सुतार होता..." ती आणखीनच आक्रसली. दाऊदभाई मला शांतपणे म्हणाले, "वहिनी, कोपऱ्यावर करक चाय चांगला मिळतो. तुमी जरा पिऊन या."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. माझ्याच मुलीच्या मराठीतून मलाच बाहेर? पण गेले. चहाचा कागदी कप घेऊन परत आले आणि आत न जाता दुकानाबाहेर टांगलेल्या फुटबॉलच्या जाळीमागे उभी राहिले. आत ईरा बोलत होती. "मग तो बैल ना, he was like, मी येतो पण माझं पाय नाही. तर ढोलकीवाला म्हणाली... म्हणाला, मी तुला धरते, एका हाताने. मग ते गेले, and बाहेर एवढा मोठा मांजर!" माझ्या तोंडात सात दुरुस्त्या तयार होत्या. पण ती थांबतच नव्हती. वीस मिनिटं माझी मुलगी मराठीत बोलत होती, हात हलवत, हसत, आणि दाऊदभाई हनुवटी हातावर टेकवून ऐकत होते. मधूनच "मग? मग मांजरानं काय केलान?" एवढंच. मी दार ढकलून आत गेले आणि तिचा आवाज बंद झाला.

तेव्हा मी याचा एवढाच अर्थ लावला की मूल परक्या माणसापुढे मोकळं होतं. घरी नवऱ्याला हसत हसत सांगितलंसुद्धा.

पुढचं दीड वर्ष हेच चाललं. दुसऱ्या पुस्तकात खेळणी गावच्या बाजारात हरवतात, तिसऱ्यात खाडी ओलांडतात, चौथ्यात बंदराला पोचतात तर गलबत सुटलेलं असतं. हिरमुसली होऊन ती घरी परततात, दार आतून ओढून घेतात... आणि बाहेर पावलं वाजतात. इथे चौथं पुस्तक संपतं. ईराने हे सांगितलं त्या दिवशी मी नेहमीप्रमाणे जाळीमागे होते. दाऊदभाईंनी बैल उचलून आपल्याकडे वळवला. मग म्हणाले, "पावलां कोणाची असतील बाय?" ईरा म्हणाली, "कॅट?" ते म्हणाले, "मांजराची वाजतात होय?" आणि दोघं हसली. पाचवं पुस्तक देताना त्यांनी ते रुमालाने पुसलं. "जरा लवकर कर हां," म्हणाले. चार पुस्तकांत त्यांनी असं एकदाही म्हटलं नव्हतं. हे मला ऐकू आलं होतं आणि मी तिकडे लक्ष दिलं नाही.

आणखी एक सवय सांगायची राहिली. दुपारी एकला दुकान बंद करताना ते शटर ओढायचे, मुठीने दोनदा वाजवायचे आणि आतल्या खेळण्यांना म्हणायचे, "यल्ला, चला, आता तुमचा टाइम." चारला उघडायच्या आधी पुन्हा दोनदा वाजवायचे आणि दहा आकडे मोजून शटर वर करायचे. मुलं गंमत म्हणून थांबून बघायची. एकदा मी म्हटलं, "दाऊदभाई, रोज काय हे?" तर म्हणाले, "अचानक आत जायाचा नाय वहिनी. त्यांना जागेवर जायाला टाइम नको?" मला वाटलं, गिऱ्हाईक खूश ठेवायची युक्ती.

पाचवं पुस्तक ईराने दोन दिवसांत संपवलं. महिना लागणारी मुलगी दोन दिवसांत. शनिवारी सकाळी ती चपला घालून दारात उभी. "चल ना, काकांना सांगायचंय." आणि मी तिला थांबवलं.

माझ्या डोक्यात किडा वळवळला होता. वर्गाचा कार्यक्रम तीन आठवड्यांवर होता. मी ठरवलं, ईराने ही पाचव्या पुस्तकाची गोष्ट स्टेजवर सांगायची, दाऊदभाईंना पाहुणे म्हणून पहिल्या रांगेत बसवायचं आणि त्यांनी शेवट तिथेच ऐकायचा. त्यांचा सत्कार होईल, ईराची प्रगती दिसेल, पालक व्हिडिओ काढतील. कल्पना वाईट नव्हती, हे मी आजही म्हणते. पण स्टेजवर म्हटल्यावर मराठी नीट हवं. मी तिची गोष्ट लिहून काढली, मग तिच्या वाक्यांच्या जागी माझी घातली आणि ती पाठ करायला दिली. रोज अर्धा तास उच्चार. तीन आठवड्यांत दाऊदभाईंनी दोनदा आठवण केली. एकदा मीच खडू आणायला गेले तेव्हा त्यांनी विचारलं, "बाय झाली काय वाचून?" मी म्हटलं, "तयारी चाललीय. तुम्हाला सरप्राइज आहे." ते म्हणाले, "बरं. इन्शाल्ला." पण बैलाची पाठ उगाच दोनदा पुसली. दुसऱ्यांदा त्यांनी वर्गातल्या एका आईबरोबर निरोप दिला की तयारी नको, अशीच पाठवा. मी त्या बाईंना म्हटलं, अहो साधे आहेत ते, त्यांना काय कळतंय स्टेज म्हणजे काय.

त्या गुरुवारी आम्ही दारात उभ्या होतो त्या पत्रिका द्यायला. दुसऱ्या दिवशी कार्यक्रम होता. तो मी रद्द केला.

त्यांना इथेच दफन केलं. पोलिसांचे कागद, दूतावासाचे कागद सगळे अर्बाबांनी धावून केले. घरच्यांनी फोनवर होकार दिला. माझा नवरा कबरस्तानात गेला होता, म्हणाला, अर्बाब स्वतः माती देत होते आणि रडत होते. चार दिवसांनी अर्बाब आमच्या घरी आले. हातात खजुराचा डबा आणि एक पिशवी. पिशवीत पहिली चार पुस्तकं आणि तो बैल. "ये तुम्हारा ज़ुबान है, सिस्टर," ते म्हणाले. "दाऊद बोलता था, पाँच है. एक तुम्हारे पास है." मी पाचवं आणून दाखवलं. त्यांनी ते हातात घेतलं, चाळलं आणि विचारलं, "उसको मालूम हुआ? लास्ट में कौन आया?" मी म्हटलं, त्यांना तर माहीतच असणार ना, पुस्तकं त्यांचीच. अर्बाबांनी मान हलवली. "उर्दू स्कूल, चार क्लास. ये वाला लिखना वो नहीं पढ़ता था. थोड़ा-थोड़ा, बस."

मी तिथे सोफ्यावर बसले ती बसलेच. पावलं कोणाची असतील बाय... तो काही मुलीला खुलवायचा प्रश्न नव्हता. त्यांना खरंच माहीत नव्हतं.

त्यांच्या मुलीचा, नसीमाचा नंबर मी अर्बाबांकडून घेतला आणि दोन दिवस हिंमत करून मग फोन लावला. ती आता चाळिशीची, दापोलीला असते. मी कोण ते सांगताच म्हणाली, "तुम्ही ईराच्या आई ना? अब्बा दर शुक्रवारी फोनवर मला ईराची गोष्ट सांगायचे. तिच्याच भाषेत. बैल वॉज लाइक, असं म्हणायचे." ती हसली आणि मग रडली. मीही.

पुस्तकं नसीमाची होती. लहानपणी तिच्या मामाने आणून दिलेली. दाऊदभाई इब्रीत असताना दोन वर्षांनी एकदा रजेवर यायचे, आणि प्रत्येक रजेत ती त्यांना एक पुस्तक वाचून दाखवायची. चार रजांत चार पुस्तकं झाली. "चौथं संपलं तेव्हा अब्बा म्हणाले, पाचवं पण वाच. तर मी म्हटलं, नाही, पुढच्या वेळेला. मला वाटायचं, शेवट कळला नाही तर परत यायलाच लागेल त्यांना. लहान होते ओ मी. मग पुढच्या रजेआधी माझं लग्न झालं. लग्नाला आले ते आठ दिवसांसाठी, कोण वाचत बसणार? जाताना त्यांच्या बॅगेत पाचही घातली. फोनवर मागायचे शेवट. मी म्हणायचे, फोनवर कशाला, घरी या की कायमचे. ते म्हणायचे, पुढच्या वर्षी. मग म्हणाले, राहू दे, इथं कोणतरी पोर सांगेलच. किती पोरांना दिलीत त्यांनी पुस्तकं. कोणी दुसऱ्यापर्यंत, कोणी तिसऱ्यापर्यंत. कोणाची बदली, कोणाची ट्यूशन. पाचव्यापर्यंत तुमची एकटी पोचली."

मी तिला खरं ते सांगितलं. तीन आठवड्यांचं, स्टेजचं, पाठांतराचं, सगळं. मग ती म्हणाली, "तुम्ही तीन आठवडे थांबवलंत. मी बावीस वर्षं." एवढंच म्हणाली, दोष न देता, आणि म्हणूनच ते अजून माझ्या कानातून जात नाही. तिने प्रेमाने थांबवलं होतं. मी कशाने, ते मला ठाऊक आहे.

शेवट असा आहे. पावलं सुताराचीच असतात. तो म्हातारा होऊन परत आलेला असतो. पण माणूस आत येतो म्हटल्यावर खेळणी लाकूड होतात, आणि इतक्या वर्षांचं जे काही त्यांना त्याला सांगायचं असतं ते तसंच राहतं. सुतार बैलाला हातात घेतो. त्याच्या तीन पायांना खाडीचा ताजा चिखल लागलेला त्याला दिसतो. तो काही बोलत नाही. बैलाला चौथा पाय करून बसवतो, ढोलकीवाल्याला हात, भोवऱ्याला आर. आणि दुसऱ्या दिवसापासून तो आपल्याच खोलीत शिरण्याआधी दारावर दोनदा वाजवतो आणि जरा थांबतो. पुस्तक तिथे संपतं.

ते वाचलं तेव्हाच ईरा ओरडली होती, "हे तर काका करतात!" मला तेव्हा वाटलं होतं, पुस्तकातूनच उचललं असणार. मी नसीमाला विचारलं, त्यांना ही दोनदा टकटक कोणी सांगितली होती का? ती म्हणाली, "कोण सांगणार? मी त्यांना तिथवर नेलंच नाही." म्हणजे ते त्यांनी आपल्या मनाने सुरू केलं होतं. कोणी न सांगता ते पुस्तकाच्या शेवटच्या पानावर रोज दोनदा उभे राहत होते. याने माझ्या मनावरचं ओझं कमी होत नाही. सुतार परत येतो हे त्यांना ऐकायचं होतं आणि ते त्यांना ऐकायला मिळालं नाही.

त्या दिवशी फोन चालू असतानाच ईरा शेजारी येऊन बसली होती. गेले काही दिवस ती विचारत होती, "आता मी कोणाला सांगू?" मी एकदा म्हटलं होतं, "मला सांग." तिने माझ्याकडे पाहिलं आणि अगदी सरळपणे म्हणाली, "तुला नको." तेव्हा कुठे मला दुकानातलं ते दार आठवलं, मी ढकललेलं, आणि बंद झालेला तिचा आवाज. परक्या माणसापुढे मोकळं होणं वगैरे काही नव्हतं. माझी मुलगी मराठी बोलत होती, चांगली वीस वीस मिनिटं बोलत होती. मी आत आले की लाकूड होत होती.

मी नसीमाला म्हटलं, "तुम्हाला शेवट माहीत आहे, पण ईराकडून ऐकाल का?" ती म्हणाली, "अब्बांच्या वतीने ऐकते, द्या." मी फोन ईराच्या हातात दिला, बैल तिच्यासमोर ठेवला, स्वयंपाकघरात जाऊन चहा ठेवला आणि दार लावून घेतलं. माझी वाक्यं तिने पार फेकून दिली होती, एवढं कळलं. दाराआडून मला शब्द कळत नव्हते, फक्त चाल कळत होती, भरभर, मध्येच इंग्रजी, मध्येच हसू. चहा उकळून उतू गेला तरी ती बोलतच होती.

ती पुस्तकं आता बाजारात मिळत नाहीत, मी पुष्कळ शोधली. कुणाच्या घरी माळ्यावर असतील तर काढा आणि मुलांना द्या, एवढं मी दाऊदभाईंच्या वतीने सुचवते. आमच्याकडची पाच शुक्रवारच्या वर्गात फिरतायत, एका वेळी एक. गोष्ट सांगायची ती बैलाला, आणि तेवढा वेळ मी गॅलरीत जाऊन बसते. पहिल्या पुस्तकाच्या शेवटापर्यंत तिघं पोचलेत.

बैल एरवी ईराच्या टेबलावर असतो, आइस्क्रीमची काडी तशीच आहे. शाळेतून आली की ती दार लोटून घेते आणि त्याच्याशी काहीबाही बोलत बसते. मी दूध घेऊन जाते, दाराशी थांबते, दोनदा वाजवते आणि मनातल्या मनात दहा मोजते. पहिल्या काही दिवसांत टकटक झाली की आतला आवाज थांबायचा. परवा मी दहापर्यंत मोजलं, दार उघडलं, दूध टेबलावर ठेवलं, आणि ती माझ्याकडे न बघता बैलाला सांगत राहिली.